वस्तीचे इंटरनेट : घाऊक घ्यावे, वाटून वापरावे

व्यापारात माल घाऊक घ्यावा आणि किरकोळ विकावा, हे आपल्या लोकांना शिकवावे लागत नाही. कापडाचा व्यापारी गाठ उचलतो, थान उघडतो आणि गिऱ्हाइकाला अडीच मीटर कापून देतो. गाठीचा दर आणि अडीच मीटरचा दर यांत जो फरक असतो, त्यावर दुकान चालते. इंटरनेटच्या बाबतीत मात्र आपल्यापैकी बहुतेक जण आजही अडीच मीटरवाले गिऱ्हाईकच आहेत. घरात चार मोबाइल असतील तर चार वेगळे पॅक, बहुतेकांची मुदत अठ्ठावीस दिवस, आणि दिवसाचा उरलेला डेटा रात्री बारा वाजता संपला की संपला. हीच वस्तू पन्नास-साठ घरांनी मिळून घाऊक घेतली तर काय होते, आजवर कोणी घेतली, कायदा काय म्हणतो आणि अशा कामात पैसे बुडतात ते कुठे, हे या लेखात पाहायचे आहे.

प्रश्न करमणुकीचा नाही. गोरेगाव पश्चिमेचे भगतसिंग नगर घ्या किंवा ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजाराच्या आसपासच्या गल्ल्या घ्या. जरी-आरीकाम, शिलाई, सुतारकाम, पॉलिश करणाऱ्यांचे काम पूर्वी तोंडी चाले. शेठ नमुना हातात द्यायचा, कारागीर तो घेऊन जायचा. आता नमुना फोटोत येतो, दुरुस्ती व्हिडिओत सांगितली जाते, तयार माल आधी कॅमेऱ्यावर दाखवावा लागतो आणि पैसे युपीआयने येतात. संध्याकाळी सातला ज्याचा डेटा संपला, त्याचे काम साडेसातला दुसऱ्याकडे गेलेले असते. माझ्याकडे ओढण्यांचे काम करणारे कारागीर आहेत, त्यांच्यात हे मी दर सणाच्या हंगामात पाहतो. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी मोबाइल कंपन्यांनी आपले दर वाढवले. नगावर मजुरी घेणाऱ्याच्या मजुरीत त्या महिन्यात काही वाढ झाली नाही.

सामूहिक जाळे म्हणजे काय?

सामूहिक जाळ्याची रचना अगदी सोपी आहे. एखाद्या कंपनीकडून एक मोठी जोडणी घ्यायची. ती वस्तीतील एका उंच गच्चीवर आणायची. तेथून बिनतारी पेट्यांच्या साहाय्याने समोरच्या गच्च्यांवर न्यायची, आणि प्रत्येक गच्चीखालच्या घरांना वाय-फायने द्यायची. मालकी किंवा निदान कारभार वस्तीचा. महिन्याचा खर्च सगळे मिळून भरतात. पेटी बिघडली तर वस्तीतलाच मुलगा शिडी लावतो.

यासाठी ज्या लहरी लागतात, त्या वापरायला आपल्या देशात परवाना लागत नाही. २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला ही सूट मिळाली, आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील बराच मोठा भाग त्यात आला. परंतु येथे एक गफलत नेहमी होते. लहरी मोकळ्या आहेत म्हणजे इंटरनेट विकणे मोकळे आहे, असे नाही. रस्ता सर्वांचा असला तरी भाड्याच्या टेम्पोला परमिट लागतेच. त्याबद्दल पुढे लिहितो.

पालघरचा प्रयोग

आपल्याच पश्चिम रेल्वेच्या रुळावर, विरारच्या पुढे, याचे एक नावाजलेले उदाहरण आहे. आरेच्या पलीकडे पवईला जी आयआयटी आहे, तेथील प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ पासून 'ग्राम मार्ग' नावाचे काम हाती घेतले. त्यांच्यासमोरचा सवाल असा होता. सरकारने २०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली, तिलाच पुढे भारतनेट हे नाव मिळाले. पण पंचायतीच्या कचेरीत तार पोचली म्हणजे पाड्यावर पोचली असे होत नाही. मधले दोन-चार किलोमीटर कोणी न्यायचे? कंपनीला तेथे गिऱ्हाईक थोडे, म्हणून ती जात नाही.

त्यांनी वेगळीच वाट काढली. टीव्हीसाठी राखून ठेवलेल्या लहरींचा एक पट्टा आहे, ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा. आपल्याकडे जमिनीवरच्या मनोऱ्यांतून प्रक्षेपण करते ते फक्त दूरदर्शन, त्यामुळे या पट्ट्यातील बहुतेक जागा रिकामी पडून असते. आयआयटीच्याच अभ्यासात असे आढळले की पंधरापैकी किमान बारा वाहिन्यांची जागा देशात जवळजवळ सर्वत्र मोकळी आहे. बाजारात पंधरा गाळे, त्यांपैकी बारा बंद, आणि बाहेर फेरीवाले उन्हात बसलेले, असाच हा प्रकार. या लहरींचा गुण असा की त्या झाडीतून आणि चढउतारावरून वाय-फायपेक्षा कितीतरी दूर जातात. पालघर तालुक्यात खामलोली व आसपासच्या सात गावांत हा प्रयोग उभा राहिला. पुढे काम पंचवीस गावांपर्यंत वाढवताना परवाना न लागणाऱ्या ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरल्या. टीव्हीच्या रिकाम्या लहरी फक्त प्रायोगिक परवान्यावर मिळाल्या होत्या, आणि त्या अजून सर्वसामान्यांना खुल्या झालेल्या नाहीत. आमच्या गोरेगाव पूर्वेला आरेच्या जंगलात सत्तावीस आदिवासी पाडे आहेत. तेथील झाडी आणि टेकड्या पाहिल्या की या बंद गाळ्यांची किंमत ध्यानात येते.

आपण व्यापारी माणसे, आपल्याला लहरींपेक्षा हिसाबाचा भाग महत्त्वाचा. 'ग्राम मार्ग'वाल्यांनी चार घटकांची भागीदारी मांडली : फायबर सरकारचे, सेवा खासगी कंपनीची, गावातील सामग्री पंचायतीच्या ताब्यात, आणि रोजचा कारभार गावातल्याच एका तरुणाकडे, जो पैसे गोळा करील, दुरुस्ती करील आणि आपला हिस्सा घेईल. २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या जागतिक स्पर्धेत या योजनेला सव्वा लाख डॉलरचे पहिले बक्षीस मिळाले. यंत्रे इतरांकडेही होती. गावातला माणूस धंद्याचा हिस्सेदार करायचा, ही गोष्ट माझ्या मते या योजनेत सर्वांत शहाणपणाची आहे.

चंदेरीचे विणकर

आता कापडवाल्यांच्या जवळचे उदाहरण. मध्य प्रदेशातील चंदेरी हे गाव आपल्या बाजारात कोणाला माहीत नाही? हलक्या, झिरझिरीत साडीचे गाव. तेथील विणकरांत अन्सारी घराणी मोठ्या संख्येने आहेत. २०१० मध्ये उसामा मंझर यांच्या डिजिटल एम्पॉवरमेंट फाउंडेशनने इंटरनेट सोसायटी या संस्थेच्या मदतीने बिनतारी जाळ्यांचा उपक्रम सुरू केला, त्याची सुरुवात चंदेरीत झाली. गच्च्यांवर व खांबांवर पेट्या बसवल्या, त्याच मोकळ्या लहरी वापरल्या आणि स्थानिक मुलांना जोडणी-दुरुस्ती शिकवली. पदवी नाही पण काम येते, अशा या मुलांना ते 'अनवाणी इंजिनियर' म्हणतात.

या जाळ्याच्या जोडीने तेथे नक्षीचे काम संगणकावर आले. ज्यांनी जकार्डचे पत्ते पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे की एक नवी बुट्टी आलेखाच्या कागदावर काढून मागावर चढवायला किती दिवस जातात. जुन्या नक्ष्या आणि बुट्ट्या संगणकात उतरवल्या गेल्या, तेथूनच रंग बदलून, आकार बदलून नवे नमुने काढता येऊ लागले. नमुना ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती. पूर्वी नक्षी शेठकडे असे आणि विणकर फक्त मजुरी घेई. विणकराकडे स्वतःचा नमुना असला आणि तो दिल्ली-मुंबईच्या गिऱ्हाइकाला थेट दाखवता आला, तर बोलणी वेगळी होतात. मी स्वतः व्यापारी आहे, म्हणजे या बोलण्यात पलीकडच्या बाजूला बसणारा. तरीही सांगतो की ज्याला भाव माहीत आहे अशा कारागिराशी व्यवहार लांबतो, पण माल परत येत नाही.

वारणेत काय घडले

सहकाराच्या बाबतीत आपल्या महाराष्ट्राचे नाव मोठे, तेव्हा वारणानगरचीही हकिगत पाहू. कोल्हापूर-सांगली भागातील सत्तर गावांत १९९८ मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकारचे माहितीशास्त्र केंद्र, राज्य शासन आणि वारणेचा सहकारी समूह असे तिघे त्यात होते. गावोगावी संगणकाची केंद्रे निघाली. देशभरातून लोक पाहायला येत. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तेथे जाऊन पाहिले, तेव्हा केंद्रावरचा संगणक मुख्यतः एकाच कामासाठी वापरला जात होता : उसाचे वजन, तोडणीची पाळी, खताची नोंद, म्हणजे कारखान्याचा हिसाब. त्यासाठी संगणक, वीज आणि दुरुस्ती यांवर पैसा जात होता. मग सात गावांत त्यांनी संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या संदेशांवर तीच माहिती देऊन पाहिली. आठ महिने प्रयोग चालला, काम भागले आणि खर्च कितीतरी कमी झाला.

याला मी अपयश म्हणणार नाही. शेतकऱ्याला काय हवे हे आधी विचारले असते तर स्वस्तात झाले असते, इतकेच. आपल्या वस्तीत जाळे टाकण्याआधी घरोघर हाच सवाल करावा : नेट कशासाठी हवे? मुलाच्या अभ्यासाला, मालाचे फोटो पाठवायला, की रात्री क्रिकेट पाहायला? तिन्हींचा खर्च वेगळा येतो.

केबलवाल्याची कथा

ज्यांनी १९९० नंतरची मुंबई पाहिली आहे, त्यांना हे सर्व नवीन वाटू नये. गच्चीवरून गच्चीवर काळ्या तारा टाकून केबलवाल्याने गल्लीत टीव्हीचे जाळे उभे केले, ते कोणत्याही मोठ्या कंपनीने नव्हे. महिन्याचे पैसे त्याचा पोऱ्या घरी येऊन घेत असे. पुढे २०१२ मध्ये मुंबईत सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला आणि घरोघरची नोंद कंपनीच्या यंत्रात गेली. तोपर्यंत जो गल्लीचा मालक होता, तो बऱ्याच ठिकाणी वसुलीचा एजंट उरला. तार त्याची होती, पण माल दुसऱ्याचा आणि गिऱ्हाइकाची वहीसुद्धा दुसऱ्याकडे.

स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात २००४ मध्ये सुरू झालेल्या 'गिफी' जाळ्याने या दुखण्यावर इलाज काढला आहे. तेथे तारा आणि पेट्या सर्वांच्या सामायिक. त्यावरून धंदा करणारे छोटे व्यापारी अनेक, पण जो जितका वापर करील त्याने तितका देखभालीचा वाटा एका सामायिक संस्थेकडे भरायचा. ज्याने तार टाकायला जास्त पैसे घातले, त्याला त्या हिसाबात वळते मिळते. पस्तीस हजारांवर ठिकाणे अशी जोडली गेली. थोडक्यात, मंडई सर्वांची आणि गाळे ज्याचे त्याचे.

कायद्याची बाजू

आता परमिटचा मुद्दा. आपल्या घरची जोडणी शेजारच्या वीस घरांना पैसे घेऊन देणे कायद्यात बसत नाही. शिवाय त्यात मोठा धोका आहे. त्या जोडणीवरून कोणी गैरकृत्य केले, तर चौकशी ज्याच्या नावाने बिल आहे त्याच्या दारात येते. पासवर्ड कागदावर लिहून गल्लीभर फिरवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

सरळ मार्ग दोन आहेत. एक, स्वतः इंटरनेट सेवेचा परवाना घेणे. हे एका वस्तीला झेपणारे नाही. दुसरा, केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेली पीएम-वाणी योजना. वाणी म्हणजे किराणावाला, हा योगायोग आपल्या कामाचाच आहे. कारण या योजनेत किराणा दुकान, चहाची टपरी, शिलाईचे दुकान, कोणीही 'पब्लिक डेटा ऑफिस' होऊन वाय-फाय विकू शकतो. पूर्वीचे पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ आठवा, तोच हा प्रकार. दुकानदाराला परवाना नको, फी नको, नोंदणीही नको. त्याच्या वर एक 'अ‍ॅग्रिगेटर' असतो, म्हणजे अनेक दुकाने एकत्र बांधणारा. त्याची दूरसंचार विभागाकडे नोंदणी होते आणि गिऱ्हाइकांची नोंद व पैशाचा हिसाब तो पाहतो. गिऱ्हाइकाची ओळख मोबाइल क्रमांकावर येणाऱ्या आकड्याने पटते, त्यामुळे कोणी काय वापरले ते दुकानदाराच्या अंगावर येत नाही.

इतके असून योजना जोरात का चालली नाही? २०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक वाय-फाय ठिकाणांची भाषा होती. पीएम-वाणीची ठिकाणे २०२५ पर्यंत काही लाखांच्या पुढे गेली नाहीत. मुख्य कारण घाऊक भावाचे होते. दुकानदाराने जोडणी मागितली की कंपन्या त्याला व्यापारी लीज्ड लाइनचा दर सांगत, जो घरगुती दराच्या कित्येक पट असतो. थानाचा भाव तुकड्यापेक्षा जास्त असेल तर दुकान कोण उघडणार? जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, यावर आदेश काढला : २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर योजना अशा दुकानदारांना घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त दराने देता येणार नाहीत. ज्याने पूर्वी चौकशी करून नाद सोडला होता, त्याने या आदेशाचा हवाला देऊन पुन्हा विचारावे.

एका गल्लीचा हिसाब

पुढील आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपल्या भागातील दर घालून पुन्हा मांडावेत. समजा २०० एमबीपीएसची घरगुती योजना महिना १,००० रुपयांना आहे. दुकानदाराला ती फार तर २,००० ला पडेल, १८ टक्के जीएसटी धरून २,३६०. वीज ४००. गल्लीतल्या मुलाला अर्धवेळ देखभालीचे ४,०००. अ‍ॅग्रिगेटरचा हिस्सा १,०००. पेट्या जळतात, अडॅप्टर जातात, म्हणून दुरुस्तीचा गल्ला १,२००. बेरीज ८,९६०. साठ घरांनी दरमहा १५० दिले तर ९,००० जमतात, म्हणजे खर्च जेमतेम निघतो.

हे कागदावर झाले. प्रत्यक्षात साठपैकी पंचेचाळीसच घरे वेळेवर देतात असे धरा. मग जमा ६,७५० आणि तूट २,२१०. पहिल्या महिन्यात ती दुरुस्तीच्या गल्ल्यातून भागवतात, दुसऱ्या महिन्यात मुलाचा पगार अडकतो, तिसऱ्या महिन्यात पेटी बिघडते आणि शिडी लावायला कोणी येत नाही. सामूहिक जाळी बंद पडतात ती बहुधा अशी. म्हणून पैसे महिन्याच्या सुरुवातीला, आगाऊ, आणि ज्याचे आले नाहीत त्याची जोडणी आपोआप बंद, असा नियम पहिल्याच दिवशी हवा. शेजाऱ्याची भीड पडते हे मला माहीत आहे. गरजू घर असेल तर त्याचे पैसे कोणी दुसऱ्याने भरावेत, पण वहीत जमा दिसली पाहिजे.

वेगाचाही हिसाब लक्षात ठेवावा. साठ घरांनी एकाच वेळी व्हिडिओ लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे सव्वातीन एमबीपीएस येतील. नळाला सकाळी सातला सगळे हंडे लागले की धार बारीक होते, तसे. दुपारी मात्र धार मोठी असते. कारागिरांनी मोठी चित्रे आणि व्हिडिओ दुपारी पाठवावेत, आणि रात्री प्रत्येक घराला ठरावीक मर्यादा घालावी. ही मर्यादा यंत्रातच घालता येते, भांडण लागत नाही.

सुरुवातीचे भांडवल व्याजी कर्जाने उभारण्याची गरज नाही. शिरकत आपल्या बाजाराला नवी नाही. आठ-दहा जणांनी हिस्से घालावेत, नफ्याची वाटणी आधी ठरवावी, तोटा भांडवलाच्या प्रमाणात सोसावा, आणि हे सर्व कागदावर लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. पेट्या कोणाच्या, गच्चीचे भाडे आहे की नाही, मुलगा काम सोडून गेला तर पासवर्ड कोणाकडे, हेही त्याच कागदात यावे. गिऱ्हाइकांची यादी अ‍ॅग्रिगेटरकडे असतेच, तरी तिची एक प्रत दर महिन्याला आपल्याकडे उतरवून घ्यावी. केबलवाल्याचे जे झाले ते याच ठिकाणी झाले.

कामाचा क्रम विचाराल तर आधी गच्च्या पाहाव्यात. बिनतारी पेटीला समोरची पेटी सरळ दिसावी लागते, मध्ये पाण्याची टाकी किंवा निळी ताडपत्रीवाला मजला आला की जोडणी अडखळते. चाळ कमिटीची किंवा सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. रस्त्यावरून तार ओढायची झाल्यास महापालिकेचा प्रश्न येतो, म्हणून रस्ता ओलांडायचे काम बिनतारीच ठेवावे. सर्वांनाच एकदम जोडण्यापेक्षा दहा-बारा घरांवर दोन महिने चालवून पाहावे, आणि ते दोन महिने शक्यतो पावसाळ्याचे असावेत. एप्रिलमध्ये प्रत्येक पेटी चालते. जुलैच्या झडीत कोणत्या पेटीत पाणी शिरले आणि उंदरांनी कुठली तार कुरतडली ते पाहून मगच बाकीच्या घरांकडून पैसे घ्यावेत.